आश्रुबांचं विंग्रजी नाव

झरीच्या बाजारपट्टीत खताच्या दुकानाला लागून दहा बाय दहाची एक खोली आहे. वर पाटी, ‘धम्मशीला संगणक सेवा’. पाटीवर कामांची यादी एवढी लांबली, की रंगाऱ्याला जागा पुरली नाही आणि शेवटच्या चार ओळी त्याने सरळ भिंतीवर उतरवल्या. सातबारा, पीकविमा, रेल्वेचं तिकीट, झेरॉक्स, अर्ध्या तासात फोटो, दहावीचा निकाल, आणि भिंतीवर अगदी खाली, जिथे बकऱ्या पाठ घासतात तिथे, ‘वेबसाइट बनवून मिळेल’.

खोलीतली खुर्ची धम्मशीलाची. वय तेहतीस, उंची बेताची, आवाज मात्र बेताचा नाही. म्हातारीचा अंगठा मशीनवर उमटेना, की ती स्वतः उठून लिंबाच्या फोडीनं तो घासून देते आणि वर म्हणते, “मावशे, जन्मभर शेण थापलं, आता मशीन वळखंल कसं तुला?” म्हातारी हसते, अंगठा उमटतो. तिचा नवरा सिद्धोधन एसटीत कंडक्टर, सोनपेठच्या गाडीवर. तो म्हणतो, माझ्या गाडीत चढतात साठ आणि हिच्या खोलीत शंभर, फरक इतकाच की माझे उतरतात तरी.

तर भिंतीवरची ती खालची ओळ तीन वर्षं नुसतीच होती. झरीत वेबसाइट कोणाला पाहिजे? मग गेल्या डिसेंबरात टाकळवाडीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका राजेश्री मॅडम स्कूटी लावून आत आल्या आणि त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. शाळेला पंचाहत्तर वर्षं होत होती. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मोठा कार्यक्रम ठरला होता. मॅडमना शाळेचं एक पान हवं होतं. त्यात जुने फोटो, थोडा इतिहास, आणि मुख्य म्हणजे आजवर शाळेत नोकरी केलेल्या सगळ्यांची नावं. रविवारी ते पान अख्ख्या गावासमोर भिंतीवर दाखवायचं होतं.

टाकळवाडी म्हणजे धम्मशीलाचं माहेर, आणि ती शाळा म्हणजे तिची शाळा. तिने पैशाचं बोलणंच निघू दिलं नाही. मॅडमना वाटलं, शाळेचे उपकार स्मरते आहे. ते खरं होतंच, पण अर्धंच. उरलेलं अर्धं त्या यादीच्या तळाशी होतं.

यादी मॅडमनी मानाप्रमाणे लिहून आणली होती. आधी मुख्याध्यापक, मग शिक्षक, मग कारकून, आणि अगदी शेवटी, त्रेपन्नाव्या क्रमांकावर, ‘आश्रुबा वाव्हळे, शिपाई’. हे तिचे वडील.

आश्रुबा त्या शाळेत चौतीस वर्षं होते. कडुलिंबाला टांगलेल्या रेल्वेरुळाच्या तुकड्यावर घण मारून घंटा द्यायची, खोल्या झाडायच्या, फळे पुसायचे, रांजण भरायचे, पडलेल्या पोराचा गुडघा धुऊन त्याच्यावर हळद दाबायची. गावात आजही कोणाचा गुडघा दुखला, की तो आश्रुबांची आठवण काढतो. मात्र त्यांचं नाव आजवर छापून आलं होतं ते फक्त मतदार यादीत, आणि तिथेही बापाच्या नावात चूक. धम्मशीलाने पान तयार केलं, सगळी नावं ठळक अक्षरात आणली आणि वडिलांना दुकानात बोलावून त्रेपन्नावी ओळ दाखवली. आश्रुबा मिनिटभर बघत राहिले. मग रुमालाने पडदा पुसला, जणू त्याच्यावरच धूळ बसली होती, आणि म्हणाले, “झ्याक हाय.” दुसऱ्या दिवशी त्यांनी सिद्धोधनचा जुना मोबाइल मागून घेतला आणि पान कसं उघडायचं ते शिकून घेतलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग तिने पानाचा पत्ता निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला.

आपल्याकडे नाव कधी एकटं घराबाहेर पडत नाही. पुढे कोणी, मागे कोणी, बरोबर चार पाहुणे असल्याशिवाय त्याला करमत नाही. पहिला फोन दिनकररावांचा. दिनकरराव म्हणजे शाळेचे जुने मुख्याध्यापक, गणिताचे, आता परभणीला घर बांधून राहिलेले. आवाज अजून चौथ्या बाकापर्यंत पोचणारा. “बाई, नुसतं दिनकरराव? अहो, ‘आदर्श शिक्षक पुरस्कारप्राप्त’ टाका पुढे.” तिने टाकलं. ते बघून दुसऱ्या गुरुजींनी ‘विद्यावाचस्पती’ टाकायला लावलं. तिसऱ्यांनी बी.ए., बी.एड. मागितलं, चौथ्यांनी तेच मागितलं, पण कंसात ‘प्रथम श्रेणी’. एकजण म्हणाले, मला काहीच नको, फक्त ‘प्रसिद्धीपराङ्मुख’ एवढं लिहा. दोन दिवसांत नावं लग्नातल्या नवरदेवासारखी नटली.

सोमवारी सकाळी धम्मशीलाने पान उघडलं आणि सरळ तळाशी गेली. बावन्नावं नाव होतं. त्रेपन्नाव्या जागी नाव नव्हतं. तिथे हे होतं: <stro

वेबच्या पानामागे खुणांची एक भाषा असते. एखादं नाव ठळक दिसायला हवं, तर त्याच्या आधी एक खूण घालायची आणि नंतर एक. त्या खुणा संगणकासाठी असतात, वाचणाऱ्यासाठी नाही. शिंपी कापडावर खडूने रेघा मारतो, पण सदरा अंगात घातल्यावर त्या दिसायच्या नसतात, तसंच हे. इथे खडूची रेघ दिसत होती आणि सदराच गायब होता.

तिने नाव पुन्हा टाइप केलं, जतन केलं, पान उघडलं. पुन्हा तेच, <stro. स्वतःजवळच्या पूर्ण यादीतली एकेक खूण तपासली. त्रेपन्न नावं, एकशे सहा खुणा, सगळ्या जागच्या जागी. मोबाइलवर बघितलं, संगणकावर बघितलं, शेजारच्या खतवाल्या चंद्रभानच्या मोबाइलवर बघितलं. अक्षरांचा फॉन्ट बदलला. रोग रेड्याला नि औषध पखालीला, असा तो सोमवार गेला. शेवटी वाटलं, वरचं एखादं नाव तर बाधत नसेल? म्हणून तिने एका गुरुजींची ओळ तात्पुरती काढली. खाली जाऊन काय झालं ते बघणार, तोच फोन वाजला. “बाई, माझं नाव कुठं गेलं?” तीन मिनिटंही झाली नव्हती. तिने घाईघाईने ओळ परत टाकली आणि तळ बघायचा राहूनच गेला. खरं तर उत्तर त्या तीन मिनिटांत पानावर आलं होतं. पण मानापानाच्या फोनपुढे शास्त्र काय करणार?

मंगळवारी दुकानात सटवाजी आला. टाकळवाडीच्या फाट्यावर त्याचं चहाचं हॉटेल. आला होता आधारच्या झेरॉक्ससाठी, पण झेरॉक्स निघाली तरी हलेना.

“तायडे, एक सांगू का? राग न्हाई ना येणार?”

“सांगायच्या आधीच राग कसा येईल? सांग.”

“सकाळी हाटेलात समदे मोबाइलात शाळंचं पान बघायलते. खाली ते काय तरी उलटंपालटं आलंय म्हून पोरं हसायली. एकजण म्हणला, आश्रुबाच्या पोरीला जमलं न्हाई, झेरॉक्स काढणं येगळं आन् हे येगळं.” सटवाजीने चपापून तिच्या तोंडाकडे बघितलं. “तेवढ्यात आश्रुबामामा आले. त्येंनी मोबाइल घेतला, बघितलं आन् म्हणले, ‘बिघडलंय कुठं? माझं नाव हाय त्ये, विंग्रजीत.’ मग काय! समदे मामालाच हसायले. आता मामा ज्याला त्याला दाखवायलेत, हे बघा माझं विंग्रजी नाव.”

धम्मशीलाच्या कानशिलांत कढ आला. तिला हसणाऱ्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. ज्या माणसासाठी सगळा खटाटोप केला, त्याच्याच हातात आपण मोडकी खूण ठेवली आणि तो ती दागिना म्हणून मिरवतो आहे. रविवारी हीच खूण भिंतीएवढी मोठी होऊन गावासमोर येणार. परभणीहून, सेलूहून शिकलेसवरले येणार, आणि आबा उभे राहून सांगणार, हे माझं नाव.

संध्याकाळी ती माहेरी गेली. आश्रुबा ओट्यावरच होते, मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून.

“ये शीले. बघ कसं दिसायलंय.”

“आबा, ते...”

“ते बाणासारखं पुढं काय काढलंय गं? माझ्याच नावाला काढलंय, दुसऱ्या कुणाला न्हाई.”

आईने, सुलाबाईने, आतून आवाज दिला, “म्हातारपणी बारसं झालंय त्येंचं! सकाळपून पाळण्यात बसल्यावाणी करायलेत.” आणि आश्रुबा एवढ्या मोकळेपणाने हसले, की धम्मशीलाच्या ओठावर आलेलं वाक्य परत पोटात गेलं. खरं सांगायचा धीरच झाला नाही. रविवारच्या आत नाव आणायचं, मग सांगायची वेळच येणार नाही, असं तिने मनाशी ठरवलं आणि पिठलं-भाकरी खाऊन परत आली.

बुधवारी ‘विद्यावाचस्पतीं’च्या शेजारच्या गुरुजींच्या एम.ए.मधली दोन टिंबं राहिली होती. तिने तेवढं भरलं. दुपारी आश्रुबांचा फोन.

“शीले, माझं नाव बारीक व्हायलंय गं. काल चार अक्षरं व्हती, आज दोनच हायत.”

“बघते आबा,” म्हणून तिने फोन ठेवला. बघितलं तर खरंच, आता नुसतं <st उरलं होतं. इथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं, पण ती वैतागात होती आणि समोर पीकविम्याची रांग. आबांनी बाण सोडून नेमकी अक्षरंच मोजली कशी, हेही तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही.

गुरुवारी शाळेत तयारीची बैठक होती. जुने शिक्षक जमले. वर्गात खुर्च्या कमी, म्हणून भिंतीलगत पोरांचा एक लांब बाक ओढला होता. त्याच्यावर चार गुरुजी बसले. राजेश्री मॅडमनी आश्रुबांनाही हाताला धरून बाकाच्या त्या टोकाला बसवलं. “तुम्ही आता शिपाई नाही, पाहुणे आहात.” आश्रुबा बसले खरे, पण अर्धेच, उठायच्या तयारीत. धम्मशीला समोरच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती.

एवढ्यात दिनकरराव आले. कडक इस्त्री, खिशाला शाईचं पेन. सगळे “या सर, या सर” म्हणत सरकले. दिनकरराव बाकाच्या अलीकडच्या टोकाला बसले. पहिले गुरुजी दुसऱ्यांकडे सरकले, दुसरे तिसऱ्यांकडे, तिसरे चौथ्यांकडे, आणि पलीकडच्या टोकाला आश्रुबा उठून उभे राहिले. कोणी उठा म्हटलं नाही. कोणी बघितलंही नाही. “बसा, बसा, मी उभाच बरा,” असं तेच म्हणाले आणि सवयीने दाराजवळ जाऊन थांबले.

धम्मशीलाने मात्र बघितलं. तिला इतका संताप आला, की आत्ता लॅपटॉप मिटून निघून जावं. आणि त्या संतापातच तिचा हात मध्येच थांबला. बाकावर जागा पाचाचीच. अलीकडून एक घुसला, की पलीकडचा एक उठतो.

तिने यादीचं पान उघडलं. स्वतःजवळची पूर्ण यादी चिकटवली आणि दिनकररावांच्या नावाआधी फक्त एक अक्षर टाकलं, नुसता ‘अ’. जतन केलं. तळाशी गेली. <st चं <s झालं होतं. ‘अ’ काढून पुन्हा पूर्ण यादी चिकटवली. <st. ‘आदर्श शिक्षक पुरस्कारप्राप्त’ काढून बघितलं. तळाशी पूर्ण, ठळक, आश्रुबा वाव्हळे, शिपाई.

खूण कुठेच चुकली नव्हती. तिने नेटवरून जो तयार साचा घेतला होता, त्यातल्या यादीच्या चौकटीत ठरावीक अक्षरंच मावत होती. त्याहून जास्त झाली, की साचा कोणाला न विचारता, न सांगता, शेवटची कापून टाकत होता. वर पदव्या वाढत होत्या आणि खाली आबा कापले जात होते. कापणी नेमकी खुणेच्या मधोमध आली, म्हणून खुणेचा तुकडा तेवढा पानावर लोंबत राहिला.

“सापडलं!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली, की बाकावरचे पाचही गुरुजी दचकले.

“काय सापडलं?” दिनकररावांनी विचारलं.

“चूक, सर. पदव्या जास्त झाल्यात. काढाव्या लागतील.”

मग जो गलका झाला, तो वर्गात एरवी मधल्या सुट्टीत होतो. कोणी म्हणालं, त्याची काढा, माझी मोजकीच आहे. ‘प्रसिद्धीपराङ्मुख’ गुरुजी सर्वांत मोठ्याने बोलत होते. धम्मशीलाने त्यांना बोलू दिलं आणि मग सांगितलं, की आता सगळ्यांना एकाच चौकटीत कोंबायचं नाही. प्रत्येकाची स्वतंत्र ओळ करायची. एका ओळीचा दुसरीला धक्का नाही. ओळीत तीनच रकाने: नाव, पद आणि शाळेत किती वर्षं. पदव्यांना रकाना नाही.

“ठीक,” मॅडम म्हणाल्या, “पण वर कोण? परत त्याच्यावर भांडणं नकोत. माझं डोकं उठलंय.”

दिनकररावांनी घसा साफ केला. “त्यात काय एवढं? सेवाज्येष्ठता! ज्याची वर्षं जास्त, तो वर. माझी इथं अकरा वर्षं. कोणाची बारा आहेत का?” त्यांनी बाकावरून नजर फिरवली. बदल्यांच्या धंद्यात कोणाची चार वर्षं झालेली, कोणाची फार तर नऊ. “मग लिहा ठराव.”

धम्मशीलाने दाराकडे बघितलं. आश्रुबा उंबऱ्यापाशी बाहेरच्या पोरांना गप्प बसायची खूण करत होते. हे बोलावं की गिळावं? गिळणं सोपं होतं. पण ती आश्रुबांची लेक. फसवून मिळालेला मान बापाच्या अंगाला लागणार नाही, हे तिला माहीत होतं.

“सर,” ती म्हणाली, “ठरावाआधी एकदा यादी लावून बघू का, कोण कुठं येतंय? नोकरी केलेले सगळेच हायत त्यात.”

“नियम म्हणजे नियम, बाई! त्यात बघायचं काय?” आणि शाईचं पेन उघडून दिनकररावांनी ठरावाखाली पहिली सही ठोकली. राजेश्री मॅडमनी एकदा धम्मशीलाकडे बघितलं, एकदा दाराकडे. मग रुमाल तोंडाला लावून त्या खोकल्या. तो खोकला नव्हता.

रविवारी शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. सर्वांत मोठ्या वर्गाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. पहिल्या रांगेत खुर्च्या, मध्ये दिनकरराव. आश्रुबा धुतलेलं धोतर आणि नवी टोपी घालून आले होते, पण उभे दारातच. धम्मशीलाने पान भिंतीवर सोडलं. आधी जुने फोटो आले, त्यात तो रुळाचा तुकडा आणि कडुलिंब, टाळ्या पडल्या. मग यादी आली.

आश्रुबांनी दारातूनच हात हलवला. “खाली घे शीले, खाली. माझं तळाला असतंय.”

तिने खाली घेतलं. त्रेपन्नावी ओळ. एका गुरुजींचं नाव, सात महिने. आश्रुबांनी मान पुढे काढून बघितलं, पुन्हा बघितलं. “न्हाई का आलं?” ते हळूच म्हणाले. “असू दे. घे पुढचं.”

“आबा,” धम्मशीलाचा बेताचा नसलेला आवाज त्या वेळी नेमका चिरकला, “वर बघा.”

आणि तिने यादी वर नेली, अगदी वर. पहिली ओळ: आश्रुबा वाव्हळे, शिपाई, ३४ वर्षे. दुसरी ओळ: दिनकरराव, मुख्याध्यापक, ११ वर्षे.

दिनकरराव उठले. चष्मा काढला, पुसला, घातला. “मॅडम, हे बरोबर आहे का?”

“ठरावावर पहिली सही तुमचीच आहे, सर,” राजेश्री मॅडम म्हणाल्या.

मागून कोणीतरी फिस्कन हसलं आणि मग अख्खा वर्ग. दिनकररावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, हे अंधारातही दिसत होतं. पण माणूस गणिताचा. आकड्यावर राग धरणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. “चौतीस भागिले अकरा,” ते पुटपुटले, “तिपटीहून एक वर्ष जास्तच. बरोबर आहे.” मग त्यांनी दाराशी जाऊन आश्रुबांचा हात धरला, त्यांना ओढतच पुढे आणलं आणि स्वतःच्या खुर्चीत बसवलं. आश्रुबा उठायला लागले, तर त्यांनी खांद्यावर हात दाबून ठेवला. “बसा. सेवाज्येष्ठता आहे. नऊला दहा कमी असताना मी फाटकात यायचो आणि तुमची अर्धी शाळा झाडून झालेली असायची. रोज बघायचो. बोललो नाही कधी, ते माझं चुकलं.” आणि ते बाजूच्या खुर्चीवर, दुसऱ्या नंबरला बसले. त्या टाळ्या फाट्यापर्यंत ऐकू गेल्या, असं सटवाजी सांगतो; पण तो स्वतः तेव्हा वर्गातच होता.

आश्रुबा खुर्चीत पाचच मिनिटं टिकले. पुढचा कार्यक्रम सुरू करायला घंटा हवी होती, आणि ती दुसऱ्या कोणाला नीट देता येईना.

संध्याकाळी सगळे पांगल्यावर आश्रुबा खिडक्यांच्या सतरंज्या काढत होते. कोणी सांगितलं नव्हतं. धम्मशीलाने दुसरं टोक धरलं. दोघं घडी घालत एकमेकांकडे येऊ लागले.

“आबा, एक सांगायचंय. ते विंग्रजी नाव होतं ना, ते तुमचं नाव नव्हतंच. माझ्या पानात चूक होती. त्याचा तुकडा होता तो. तुमी लोकांना दाखवत फिरलात, आन् मला सांगायचा धीरच झाला न्हाई.”

आश्रुबांनी घडीचं आपलं टोक तिच्या हातात दिलं.

“मला मालूम हाय की गं.”

“काय मालूम हाय?”

“की ते माझं नाव न्हवं. आश्रुबाला ‘ए’ लागतो पहिला, त्यात कुठं व्हता ‘ए’?” ते दुसरी सतरंजी उचलायला वाकले. “हाटेलात समदे तुला हसायलते, पोरीला जमलं न्हाई म्हून. म्या म्हणलं, मलाच हसा. मला काय, सवय हाय.”

धम्मशीलाने हातातली सतरंजी बाकावर ठेवली. मग तिने विचारलं, “तुमाला ए बी सी डी येती, आबा? कधी शिकलात?”

“चौतीस वर्षं फळा पुसला म्या, शीले,” आश्रुबा म्हणाले. “पुसायच्या आधी रोज वाचायचो.”